बगीच्यातली बायांची वेळ

आमचं गाव चांदा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमेटीच म्हणत. त्या वर्षी कमेटीच्या मनात आलं, की गावात गाणीबजावणी, खेळ, मोकळी हवा असं काही वाढायला हवं. तलावाकाठच्या पडीक जागेला कुंपण घातलं, कडुनिंबाला जाड दोराचा झुला टांगला, गाण्यासाठी ओटा बांधला आणि फाटकावर पाटी लावली: ‘चार ते सहा फक्त स्त्रियांकरिता’.

पाटी झकास होती. बाई मात्र एकही येईना. आमच्याकडे बाई घराबाहेर पडायची ती कामाला. पाण्याला, सरपणाला, धानाच्या निंदणीला. नुसतं बसायला जाते, हे सासूला सांगणार कोण?

मी एकवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवायची, भाऊ-वहिनीकडे राहायची. गावाला शहाणं करण्याचा मी विडाच उचलला होता. कमेटीच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, “बाई, कोजागिरीपर्यंत पाहतो. नाई आल्या, तर हे दोन तास व्हॉलीबॉलवाल्या पोरांना देऊन टाकतो.” पोरं जाळं घेऊन टपलेलीच होती. माझा नुसता संताप झाला. खरं सांगायचं तर मलाच तो झुला हवा होता. शाळा आणि स्वयंपाकघर सोडून मला बसायला सगळ्या गावात जागा नव्हती. पण शिकवणारी बाई एकटीच झुल्यावर दिसली असती, तर गावाला महिनाभर विषय पुरला असता.

दिवस भुलाबाईचे होते. पोरी घरोघरी जाऊन मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणायच्या, मग त्या घरची बाई झाकलेला डबा आणायची. आत काय खाऊ आहे ते ओळखल्याशिवाय झाकण निघायचं नाही. नाहीच ओळखता आलं, तर ‘हरलो’ म्हणायचं. मी ठरवलं, कोजागिरीला भुलाबाई बगीच्यातच बसवायची. देवाचं काम म्हटल्यावर कोणती सासू अडवणार? मी घरोघर फिरले. वहिनी म्हणाली, “काऊन एवढी वणवण करून राह्यली?” आणि कोजागिरीला डबा घेऊन सगळ्यांच्या आधी तीच निघाली.

बाया आल्या, अगदी लोटल्या. म्हाताऱ्या ओट्यावर टेकल्या, पोरी झुल्याला लोंबकळल्या. गाणी झाली, डबे खुळखुळले. शेंगदाणे, मुरमुरे, करंज्या, पोरींनी पटापट ओळखलं. अध्यक्ष फाटकाशी आले, पाहिलं आणि म्हणाले, “आज सण आहे, बाई. उद्याचं काय?”

तेवढ्यात कुंपणाबाहेर बगीच्याच्या चौकीदाराची बायको उभी दिसली, हातात पितळी डबा. एटापल्लीकडच्या जंगलातली ही गोंड बाई रोज सगळा बगीचा झाडायची. मी विचारलं, “तुम्ही बाहेर का?”

“आमाले कोणी बोलावलं नाई, बाई.”

तिची झोपडी कुंपणाला लागूनच होती. गावातली सगळी दारं ठोठावून आलेली मी, ते एक दार मला दिसलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला हात धरून आत आणलं.

तिचा डबा कुणालाच ओळखता येईना. पोरींनी हलवून पाहिला, हुंगून पाहिला. शेवटी मीच ‘हरलो’ म्हटलं. झाकण निघालं. भाजलेली मोहफुलं आणि तीळ कुटून केलेले लाडू होते. बाया मागे सरकल्या. आमच्या गल्लीत मोह म्हणजे दारू, एवढंच माहीत. मी एक लाडू तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. ते पाहून वहिनीनं घेतला. चावता चावता विचारलं, “याले गूळ किती टाकला?”

“गूळ कायले? मोह गोडच रायते. उद्या तीळ घेऊन या, इथीच करून दावतो.”

झालं. बायांना उद्याचं काम मिळालं. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पदरात तीळ बांधून अकरा बाया आल्या. उखळ ओट्याशी आलं. त्यानंतर कुणी विणकाम आणलं, कुणी निवडायचे तांदूळ, आणि दिवाळीपर्यंत काही न आणताच यायला लागल्या. पोरांना दुसरं मैदान मिळालं.

एकदा सगळ्या ओट्यावर गाण्यात रंगल्या असताना चौकीदाराच्या बायकोनं रिकामा झुला हातानं थांबवून धरला आणि मला हाक मारली. “बाई, तुमी सगळ्याइले आणलं, अन् सोता एक डाव बसल्या नाई. मी पाह्यतो ना रोज.”

मी इकडेतिकडे पाहिलं आणि बसले. तिनं मागून झोका दिला. माझे डोळे भरून आले, पण झुला वर गेला होता, कुणाला दिसलं नाही.