बटण बंद, होल्डर चालू

मी वायरमन. सगळी उमर सोलापुरात टॉवेल-चादरीच्या शेडमधून दिवे लावत आणि काढत हिंडलो. आता मी रिटायर झालो असं लोक म्हणतात. आमच्या धंद्यात रिटायर असं काही नसतं, गुडघे शिडीला नाही म्हणतात एवढंच. कुणाच्या घरी गेलो तर चहाआधी नजर छताकडे जाते. चोक गुणगुणतोय, स्टार्टर गेलाय, होल्डर लोंबतोय, हे मी न विचारता सांगतो. लोकांना आवडत नाही. हल्ली मी कुणाच्या घरी फारसा जातही नाही.

शेडमध्ये कापूस उडतो. माग चालू असले की तो हवेत तरंगतो आणि जिथे ऊब मिळेल तिथे बसतो. जुन्या पिवळ्या बल्बवर बसला तर करपतो, आणि करपता करपता पेटतो. म्हणून माग सुरू होण्याआधी, बल्ब थंड असताना, मी कोरड्या फडक्याने सगळे पुसून घ्यायचो. ट्यूब काढताना दोन्ही टोकं धरून पाव फेरा फिरवायची, ओढाओढ करायची नाही. हॅलोजनच्या नळीला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेला लागलं की ती तिथेच तडकते. सीएफएल बसवताना काच धरून पिळायचं नाही, खालचं प्लास्टिक धरायचं. आणि तो फुटलाच तर आधी पंखा बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. आत पारा असतो, झाडू फिरवला की सगळीकडे पसरतो. पुठ्ठ्याने काच गोळा करायची, ओल्या कागदाने पूड टिपायची. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी ते इतक्यांदा ऐकवलं की ते माझी नक्कल करायचे.

माझ्या घराचं वायरिंग मीच केलं. दोन रविवार आणि एक सणाची सुट्टी, एवढ्यात. एका शेडचं काम संपल्यावर वायरचं अर्धं रीळ उरलं होतं, मालकांनी ते मला दिलं. सगळी वायर काळी. करंट आणणारी फेज आणि तो परत नेणारी न्यूट्रल दोन्ही एकाच रंगाच्या झाल्या की ओळखायचं कसं? आम्ही फेजच्या टोकाला एक गाठ मारायचो. गाठीची वायर बटणातून फिरवायची आणि मग दिव्याला न्यायची, म्हणजे बटण बंद केलं की होल्डरपर्यंत करंट जात नाही. साधं काम. परक्याच्या घरी मी काम संपल्यावर प्रत्येक होल्डरला टेस्टर लावून बघायचो, दोनदा बघायचो. स्वतःच्या घरी एकदाही लावला नाही. माझं घर, माझे हात, त्यात काय बघायचं?

घराला एक मधली खोली आहे. तिला बाहेरची खिडकी एकच, तीही अरुंद. देव तिथेच, धान्याचे डबे तिथेच. बायकोला तिथे पांढरा उजेड चालायचा नाही. देवापुढे पिवळाच बल्ब हवा म्हणायची, म्हणून बाजारातून ते बल्ब नाहीसे व्हायला लागले तेव्हा मी डझनभर घेऊन ठेवले होते.

एका वर्षी संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी तिने घर साफ करायला काढलं. मी दुपारी जेवायला आलो आणि मधल्या खोलीतून धाडकन आवाज आला. ती लोखंडी स्टुलावर चढून पितळी होल्डर ओल्या फडक्याने पुसत होती. शॉक लागून ती खाली फेकली गेली होती. कोपर सोलवटलं होतं, तोंड पांढरं पडलं होतं. मी तिला उठवून बसवलं आणि मग तोंड सोडलं. ओलं फडकं, लोखंडी स्टूल, पायात चप्पल नाही. वायरमनची बायको ना तू? लोक काय म्हणतील?

"पण बटण बंद केलते की मी," ती म्हणाली.

"बंद असतं तर शॉक कसा बसला? चालूच आसंल."

"न्हाय वो. बंद केलते."

"आता खोटं तरी बोलू नकोस."

तिने पदराने कोपर पुसलं. उठली, ताट वाढलं. मी जेवलो आणि कामावर गेलो. पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांसमोर मी तो किस्सा रंगवून सांगायचो, आणि ती हसायची. त्यानंतर मी घरात असताना तिने कधी बल्बला हात लावला नाही. बल्ब गेला तर मी येईपर्यंत अंधारात बसून राहायची. मला वाटायचं, शहाणपण आलं.

गेल्या वर्षी ती गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच बरं म्हणायचं. लेक टेंभुर्णीला दिलेली, दोन आठवडे राहून गेली. मग मी आणि घर. एकट्या माणसाला एवढ्या खोल्या कशाला, हे मला तेव्हा कळलं. शेजारी पहिले काही दिवस भाजी आणून देत होते, पुढे तेही आपापल्या कामाला लागले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

साठवलेल्यातला शेवटचा पिवळा बल्ब या फेब्रुवारीत गेला. मी पिवळ्या उजेडाचा एलईडी आणून लावला. मार्च संपताना आमच्याकडे दुपार कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. खिडक्या-दारं लावून, पडदे ओढून, घरात अंधार करून पडायचं. मधली खोली सगळ्यात थंड. मी तिथे चटई टाकली, बटण बंद केलं आणि आडवा झालो. थोड्या वेळाने वर बघितलं तर बल्ब मिणमिणत होता. अगदी बारीक उजेड, राखेखालच्या निखाऱ्याएवढा.

बटण परत दाबून बघितलं. बंदच होतं.

खरं सांगतो, क्षणभर मला भलतंच वाटलं. तिने केलं असं वाटलं. मी चटईवर उठून बसलो आणि तिला हाकही मारली. मग डोक्यातला वायरमन जागा झाला. बटण बंद असून एलईडी मिणमिणतो, तेव्हा बऱ्याचदा बटण न्यूट्रलवर असतं. फेज थेट दिव्याला गेलेली असते आणि होल्डर चोवीस तास जिवंत राहतो. जुन्या बल्बला ते कधी कळत नाही, तो बापडा सरळ विझतो. मी चप्पल घातली, लाकडी स्टूल घेतलं, बल्ब काढला, टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

गाठ चुकली होती. त्या एका खोलीत मी गाठीची वायर बटणाला न देता दिव्याला दिली होती, आणि इतकी वर्षं ती तशीच होती. बटण तिने बंदच केलं होतं. खोटं मी बोललो होतो, तेही तिच्या तोंडावर, आणि वर जेवून गेलो होतो.

दुरुस्ती पंधरा मिनिटांची. ती करायला मला अकरा दिवस लागले. रोज दुपारी मी त्या खोलीत पडायचो, वर तो उजेड बघायचो आणि मनात तिच्याशी बोलायचो. घरात कुणी असल्यासारखं वाटायचं. काम केलं की तेवढंही जाणार होतं. पण सुट्टीत लेक नातीला घेऊन येणार होती आणि नात त्याच खोलीत खेळते. बाराव्या दिवशी मी मेन बंद केला, बोर्ड उघडला आणि वायरी बदलल्या. एलईडी लावल्यापासून बटण बंद केल्यावर खोली पहिल्यांदा पूर्ण काळी झाली.

मग लेकीला फोन लावला. बायकोची माफी मागायची राहून गेली होती, निदान पोरीपुढे तरी कबूल करावं म्हणून.

"काय करालाव अप्पा? जेवलाव का?"

जेवणाचं बाजूला ठेवून मी सगळं सांगितलं. गाठ, बटण, तिला खोटारडी ठरवलेलं, सगळं.

"आईला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुमी सांगोल्याला कामावर गेलता आठ दिवस, तवा मधल्या खोलीतला पंखा बंद पडलता. आई दुसरा वायरमन बोलावली. तो बघून म्हणला, बाई, हितं बल्बचं बटण बंद करूनबी करंट ऱ्हातोय, बदलून देतो. आई नको म्हणली. त्येला च्या पाजली आन् सांगितली, ह्ये बाहेर कुटं बोलू नका. तवापास्नं मेन बंद करूनच पुसायची ती. मलाबी तसंच शिकवली."

"आणि मला का नाही सांगितली?"

"मीबी तेच इचारले की तिला. ती म्हणली, त्या दिवशी तुझे अप्पा लई वरडले, पण मला उठवताना त्यांचे हात थरथरलालते. चूक त्यांची हाय म्हणून कळलं तर परत कुटल्या बोर्डाला हात लावणार न्हाईत."

ती तिकडून "अप्पा? हाय ना?" म्हणत राहिली. त्या दिवशीचं माझं ओरडणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. हात थरथरलेले अजिबात आठवत नाहीत. ते पाहणारी घरात ती एकटीच होती.