दारासमोरची मशीन

थोरलीला घरातलं सगळं ठाऊक असायचं, त्यात जादूबिदू काही नव्हती. तिची शिलाई मशीन दारासमोर होती, इतकंच. ती लग्न होऊन आली तेव्हा मशीन ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून दारासमोर ठेवली ती तिथंच राहिली. बॅगांच्या बिघडलेल्या चेन बदलून द्यायचं तिचं काम. गिऱ्हाईक दारातूनच बॅग द्यायचं आणि दारातूनच घेऊन जायचं. आणि घरची माणसं? आत पाऊल टाकलं की हातातलं काय असेल ते दिसेल तिथं टाकून मोकळी. नवरा मीटर तपासायला दिवसभर घरोघर हिंडायचा आणि आला की चष्मा फ्रिजवर. दीर बसचा ड्रायव्हर. एवढं मोठं धूड गर्दीतून अलगद काढेल, पण स्कूटरची इवलीशी किल्ली सांभाळणं त्याच्या जिवावर यायचं. लेकीचं तर बोलायलाच नको. थोरलीचे हात मशीनवर असायचे, पण डोळे दाराकडे.

सकाळ झाली की सुरू.

"वहिनी, किल्ली कुठंय गं?"

"हेल्मेटमध्ये बघ."

"आई, माझं कॉलेजचं ओळखपत्र!"

"चपलांच्या कप्प्यात. काळ्या बुटात खोचलंयस."

"अगं, माझा तो..."

"फ्रिजवर!"

पायडलवरचा पाय थांबायचा नाही. "मी काय इथं हरवल्या-सापडल्याची चौकी उघडलीय?" असं ती रोज करवादायची. खोटं कशाला बोला, त्या करवादण्यात तिला भारी सुख होतं. माहेरी ती मधली बहीण. मोठीला सगळे विचारायचे, धाकटीचे सगळे लाड करायचे, आणि हिला कुणी हाक मारली तर ती पाणी आणायला. इथं मात्र तिच्यावाचून कुणाचं पाऊल घराबाहेर पडत नव्हतं.

आणि मग धाकटी आली, म्हणजे दिराची बायको. कुरिअरच्या ऑफिसात होती. दिवसभर पाकिटं बघायची आणि ज्या त्या खणात टाकायची. हसरी, चटपटीत, आणि जीभ इतकी गोड की भांडायला निमित्त म्हणून सापडेना. एक दिवस म्हणाली, "ताई, किती छळतात हो तुम्हाला सगळे! मी ह्याचा बंदोबस्त करू का?"

"कर बाई," थोरली म्हणाली. तिला वाटलं, चार शब्द सुनावेल नवऱ्याला. तिथंच चुकलं.

सुट्टीच्या दिवशी धाकटीनं प्लायवूडचा रंगवलेला बोर्ड आणला. त्याला हुक, हुकांखाली कापडी खिसे, मधोमध कॅलेंडर. प्रत्येकाचा वेगळा रंग. दिराचा निळा, लेकीचा पिवळा, थोरलीच्या नवऱ्याचा हिरवा, स्वतःचा लाल. थोरलीला जांभळा, त्या खिशात तिची कात्री. हौसेनं शिवले होते खिसे, शिलाई वाकडी असली तरी. आता बोर्ड लावायला सोयीची भिंत कुठली? दारासमोरचीच.

"ताई, मशीन खिडकीशी घेऊ या? उजेड बघा किती छान आहे."

उजेड छान होता, त्याला काय जाळायचंय? खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे, आणि दार गेलं पाठीमागे. कोण आलं, हातात काय होतं, कुठं टाकलं, काही कळेना. आणि कळायची गरजही उरली नाही. दीर यायचा, टक्कन किल्ली निळ्या हुकाला. सकाळी तीच किल्ली घेऊन निघून जायचा. चष्मा हिरव्या खिशात, ओळखपत्र पिवळ्यात. घर असं गप्प झालं की मशीनचा आवाज तिचा तिलाच नकोसा वाटायला लागला.

"डोकं आहे हो पोरीला," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत थोरलीच्या डोक्याबद्दल तो चकार शब्द बोलला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जळत होती, सरळ सांगायचं तर. धाकटीवर जळत होती आणि त्याहून जास्त त्या प्लायवूडवर. लाकडाच्या फळीवर कुणी जळतं का? पण जळत होती खरी.

मग तिनं खोडी काढली. येता-जाता चष्मा पिवळ्यात टाक, ओळखपत्र हिरव्यात. आता मारतील हाक! मारली की. नवऱ्यानंच मारली. "धाकटे, अगं माझा चष्मा इथं नाही!" आणि धाकटीनं हसत हसत शोधूनही दिला.

ती हाक थोरलीच्या फार वर्मी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर अंघोळीला गेला तशी ती उठली, निळ्या हुकावरची किल्ली काढली आणि चेनचे रनर ठेवायच्या डब्यात तळाशी खुपसली. त्या डब्याला घरात कुणी हात लावत नसे.

सकाळी दिराची डेपोतली पहिली गाडी होती. हुक रिकामा. त्यानं खिसे उलटे केले, हेल्मेट झटकलं, सोफ्याच्या गाद्या काढल्या. लेक शोधायला लागली, नवरा लागला. धाकटी मशीनपाशीसुद्धा येऊन, वाकून डबेबिबे चाळवून गेली. थोरली मान खाली घालून एका निळ्या बॅगेची चेन उसवत होती.

"काय उपयोग गं तुझ्या बोर्डाचा?" दीर बायकोवर डाफरला. "वहिनी बघायची तेव्हा असं कधी झालं नाही!"

धाकटीचा चेहरा पडला. "मीच कुठंतरी ठेवली असेल," ती म्हणाली.

आणि मग सगळे खिडकीकडे वळले. "वहिनी, तूच सांग आता. कुठंय?"

आली हाक. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते दारात येऊन उभं राहिलं. उत्तर तिच्या अगदी जिभेवर होतं, आणि ते देता येत नव्हतं. डब्याचं नाव घेतलं की किल्ली डब्यात गेली कशी, हे कोण सांगणार?

"मला काय माहीत," थोरली म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

"तुलाही नाही?" दिरानं घड्याळ पाहिलं. मग रिक्षा गाठायला धावत सुटला. त्याच्या मागोमाग नवरा आणि लेकही आपापल्या वाटेनं गेले.

थोरलीनं डबा उघडला. किल्ली वरच होती, रनरांच्या वर. तिनं तर तळाशी खुपसली होती. तिनं मान वळवली तर धाकटी दाराशी चप्पल घालत होती.

"तुला दिसली होती?"

"वाकले होते तेव्हा."

"मग बोलली का नाहीस सगळ्यांसमोर?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "मशीन दारासमोरच हवी होती ना? एकदा बोलायचं तरी, ताई. मला खरंच वाटलं, तुम्हाला त्रास होतो."

संध्याकाळी दोघींनी मिळून मशीन ओढली आणि बोर्डाच्या खाली, दाराकडे तोंड करून लावली. बोर्ड काढायचा विषय धाकटीनं काढला, थोरलीनं नको म्हटलं. किल्ली निळ्या हुकाला गेली. दिराला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी जो तो आपापल्या हुकाशी आला, हवं ते घेतलं आणि गेला. कुणी काही विचारलं नाही. शेवटी धाकटी निघाली. तिची छत्री समोरच, तिच्या लाल हुकाला लटकत होती. तिनं छत्रीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"ताई, माझी छत्री कुठंय हो?"

थोरलीच्या कानशिलापर्यंत आग गेली. भीक घालतेय मला, तिला वाटलं. उठून ती छत्री खिडकीबाहेर भिरकावावी असंही वाटलं.

"लाल हुकाला," ती म्हणाली. पायडलवरचा पाय थांबला नाही. "डोळे फुटलेत का? मी काय चौकी उघडलीय इथं?"