घराला कोपरे चार, मग पाचवा खोका कशाला?

करवत चालवली की भुसा पडतोच. संध्याकाळी झाडून काढावा, सकाळी पुन्हा तेवढाच! दत्तूच्या दुकानातले किस्से तसेच. दत्तू रत्नागिरीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा आणि मी सुतार, त्याला स्पीकरचे खोके करून द्यायचो. टेपरेकॉर्डर घरोघरी नुकते येऊ लागले होते. लोक विचारायचे, घरात गाणे ऐकायला तो मोठा, खालच्या पट्टीच्या आवाजाचा खोका लागतो काय? मी सांगायचो, लागतो. आजही तेच सांगेन.

त्या खोक्याला आम्ही घुम्या म्हणायचो. गात नाही, नुसता घुमतो, म्हणून घुम्या.

भाट्ये गावचा मधू बोटीवर कामाला. सुट्टीवर येताना त्याने परदेशातून टेप आणि चार बारके स्पीकर आणले. चार कोपऱ्यांत चार बसवले, मधे बसले की चहूकडून गाणे! पण मधूला घुम्याही हवा होता. त्याची बायको विमल म्हणाली, "घराला कोपरे चारच हायत. पाचवा ठेवणार कुठं, माझ्या डोक्यावर?"

मधू काही बोलला नाही. तो बोलायचाच नाही. जेवताना मीठ हवे असले तर बोट दाखवायचा. पण हळूच दुकानात येऊन सांगून गेला, करा.

मी फणसाच्या लाकडाचा मजबूत खोका केला. तो पोचवायला दत्तू आणि मी गेलो, तर मधूने दुसऱ्या दुकानातून आधीच आणला की काय, अशी दत्तूला शंका. अंगणातूनच त्याने हाक मारली, "वैनी, घरात घुम्या हाय काय?"

आतून विमल म्हणाली, "हायत की. जेवतायत!"

पहिल्याच दिवशी पंचाईत. गाणे लावले, घुम्या घुमला आणि वरची कौले थडथडू लागली. कौलांतली काजळी पडली ती थेट माशाच्या कालवणात. मधूची म्हातारी आई पळी घेऊन बाहेर आली. "मेल्यानू, गाणं लावलंव की पिठाची गिरण?"

मी खोक्याखाली गोणपाटाची घडी घातली. घाई केली नाही. एकदा दुमडली, ऐकले, पुन्हा दुमडली. कौले गप्प झाली. म्हातारी नाही झाली!

शेजारचे एक मास्तर रोज गाणी ऐकायला यायचे. त्यांचे म्हणणे विमलसारखेच. "ह्या खोक्यातून एक शब्द ऐकू येत नाही. मग तो वाजवायचा कशाला?"

दत्तू वाद घालत बसला नाही. गाणे चालू असतानाच त्याने घुम्याच्या मागची वायर गुपचूप काढली. मास्तर दचकले. "अरे, गाण्यात पाणी कोणी घातलं?"

मधू बोटीवर परत गेला. विमलने घुम्यावर लोणच्याची बरणी ठेवली. गाणे लागले की बरणी तसूतसूने सरकायची. एकदा अगदी काठावर आली. विमल तणतणत दुकानात. "तुमचा घुम्या माझी बरणी ढकलतो!"

दत्तू म्हणाला, "वैनी, बरणीला नाचाचं गाणं लावू नका!"

ती हसली नाही. "दादा," मला म्हणाली, "खोका घेऊन जा. लाकूड तुम्हाला कामाला येईल. ते घरात नाहीत, तर एवढं सोंग कोणासाठी?" तेव्हा कळले, बरेच दिवस मधूचे पत्र नव्हते.

हातगाडी घेऊन मी भाट्याला गेलो, दत्तूही बरोबर. वायर काढली, खोका पडवीत आणला. तेवढ्यात पोस्टमन आला. मधूची कॅसेट! त्या वेळी बोटीवरची माणसे आवाज भरून पाठवायची. विमलने हात पुसून ती टेपात घातली.

चारही कोपरे गप्प.

आवाज वाढवला. बारीक सूं. पुढे नेली, तरी सूं. म्हातारी रडकुंडीला आली, "माझ्या पोराला काय झालं गो?" विमल पदराचे टोक मुठीत आवळून उभी.

दत्तू म्हणाला, "दादा, खोका आत घ्या."

खोका जाग्यावर ठेवला, वायर जोडली, कॅसेट पहिल्यापासून लावली. आणि घुम्या घुमू लागला. धग्‌ धग्‌ धग्‌ धग्‌. बोटीचे इंजिन! तो खोल आवाज बारक्या स्पीकरांना पेलला नव्हता. पायाखालची जमीन हलकी हलत होती. शब्द एक नाही. आम्ही चौघे उभे, इंजिन चालूच.

म्हातारी म्हणाली, "आणि मधू कुठाय?"

विमल खोक्याजवळ खाली बसली. "हायत की. बोट चाललीय, हे बसलेत टेपासमोर. काय बोलावं ते सुचत नाय!"

ती बाजू तशीच संपली. खट्ट झाले. दत्तू टेप बंद करायला वाकला.

"थांबा," विमल म्हणाली, "दुसरी बाजू लावा!"