अकराव्या मजल्यावरची ऊब

बर्मिंगहॅममधल्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर माझे वडील एकटेच राहतात. आई गेल्यापासून हिवाळाभर ते घरातही जाड कोट घालून बसायचे. मग कौन्सिलनं इमारतीशेजारी खोल बोअर घेतले आणि जमिनीतली ऊब पाइपांतून प्रत्येक फ्लॅटमधल्या हीट पंपापर्यंत आणली.

पंप सुरू झाल्यानंतरच्या रविवारी मी गेले, तेव्हा बाबांनी अर्ध्या बाहीच्या शर्टात दार उघडलं. घर छान उबदार झालं होतं. मी मात्र त्यांच्या दंडांकडेच बघत राहिले.

"बाबा, किती वाळलात तुम्ही!"

"एकट्याला जेवण जात नाही गं," ते म्हणाले.

मी कुकर लावला. त्या दिवशी आम्ही दोघांनी वरणभात खाल्ला. आता कामावरून सुटले, की मी जेवायला तिकडेच जाते.