पडक्या गढीचं बांधकाम

माणसाने कशावर जीव लावावा याला काही मर्यादा असते, असं मी आमच्या साडूंची ओळख होईपर्यंत समजत होतो. साडू अमेरिकेत, आमच्या जवळच नेपरव्हिलला राहत, पेशाने सिव्हिल इंजिनिअर, पण त्यांचा जीव होता एका खड्ड्यावर. इंग्लंडात शिकताना त्यांनी कुठल्याशा कुरणात मध्ययुगीन सरदाराच्या गढीचे अवशेष पाहिले होते. अवशेष म्हणजे काय, तर गढी नाही, भिंत नाही, साधा दगडही नाही; गवतात एक चौकोनी खळगा, तो म्हणे खंदक, आणि मधे जरासा उंचवटा. लोक मधुचंद्राला बायकोला नायगारा दाखवतात. यांनी माझ्या मेव्हणीला तो खळगा दाखवला. आमच्याकडे जेवायला येताना प्रोजेक्टर घेऊन येत. पहिली स्लाइड, गवत. दुसरी, गवत. शॉमबर्गच्या एका डॉक्टरांनी धीर करून विचारलं, "यात गढी कुठाय?" साडू दुखावले. "डॉक्टर, जरा पेशन्स ठेवा हो. ऊन तिरपं झालं की दिसते."

एका दिवाळीत इथल्या मराठी मंडळाने मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. साडूंची नेहा तेव्हा आठ-नऊ वर्षांची. देशी मुलांच्या घोळक्यात तिला फारसं कोणी घेत नसे, म्हणून तिला ते बक्षीस हवंच होतं. बापलेकींनी बॅकयार्डात पिंगपाँगच्या टेबलाएवढी गढी उभारली. खराखुरा खणलेला खंदक, मातीचा पूल, खिडक्या, सगळं! मी आदल्या दिवशी पाहिली आणि मनातल्या मनात बक्षीस देऊनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षक गेलो आणि पाहतो तर काय. गढी नव्हती! हिरवळ अंथरलेला चौकोनी खळगा आणि मधे एक टेंगूळ. मला वाटलं, रात्री कचऱ्याचे डबे उपसणारा रॅकून घुसला. "छे छे, मीच पाडली," साडू फुशारकीने म्हणाले. "पाचशे वर्षांनंतरची कंडिशन! आत्ता कुठे ऑथेंटिक झाली." मेव्हणीने कपाळाला हात लावला. नेहा एवढंच म्हणाली, "यू ब्रोक माय कॅसल, बाबा," आणि आत गेली. बक्षीस अर्थातच प्लास्टिकच्या मावळ्यांनी गच्च भरलेल्या दुसऱ्या किल्ल्याला मिळालं. साडूंनी दुसरी गढी बांधायला तिला परोपरीने बोलावलं, ती पुन्हा कधीच आली नाही. फराळाची ताटली घेऊन तिच्या बंद दाराशी बसलेल्या त्या माणसावर रागावणं मला काही जमलं नाही.

पुढे नेहा कॉलेजला गेली आणि साडू घर विकून नोकरीपायी दूर दक्षिणेत शुगर लँडला गेले. तिथे घामाच्या धारा, बर्फाचं नाव नाही. दर हिवाळ्यात त्यांचा फोन येई, "बर्फ पडलं का? जरा आमच्या जुन्या घरी बघून या ना, खंदक दिसतो का." मी टाळायचो. परक्याच्या बॅकयार्डात डोकावणं अमेरिकेत प्रकृतीला मानवत नाही.

एका हिवाळ्यात फोन वाजला. "अहो, नाही गेलो अजून!" मी आधीच सांगून टाकलं. पलीकडे नेहा होती, कॉलेजमधून.

"काका, कॅन यू गो चेक? माझा कॅसल अजून आहे का?"

गेलो. कुंपणावरून डोकावलो आणि थक्क झालो. हिरवळीवरचं बर्फ वितळलं होतं, खंदकातलं तेवढं राहिलं होतं. गवतात पांढरा चौकोन, आणि एका बाजूला छोटीशी फट. घरी येऊन तिला सांगितलं.

"पुलाची जागा पण दिसते?"

"पुलाची जागा पण."

"काका, तुम्ही बाबांना फोन नका करू," ती म्हणाली. "आय विल टेल हिम."

त्या हिवाळ्यात साडूंचा मला फोन आला नाही. खरं सांगतो, जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.