हसरा चेहरा दाबा

दोन-तीन दिवस राहून एखाद्या गावावर लिहिणं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायला बसलो की, ‘तुला कुणी सांगितलं?’ असं कुणीतरी विचारेल असं वाटत राहतं. म्हणून माफी आधीच मागून ठेवतो.

दोह्यात अल नस्रला चाचांकडे राहून मी शिकतो. सुट्टीत एका कन्सल्टन्सीत लागलो होतो. तिथल्या साहेबांबरोबर मला सौदीच्या हद्दीवर, अबू समराला पाठवलं. साहेब मूळचे पुण्याचे. गाडीत बसल्यापासून ते ‘बॉर्डर सिटी’ म्हणत होते. मला पेट्रोल पंप दिसला, मशीद दिसली, कस्टमच्या लांबच लांब शेड दिसल्या. मग पुन्हा वाळू.

“सर, सिटी मागे गेली का?”

“व्हिजन ठेवायची रे,” साहेब म्हणाले.

मला मात्र तिथं जायचंच होतं. अब्बा सौदीत, दम्मामला ट्रेलर चालवतात. मी कॉलेजसाठी इकडे आल्यापासून आमची भेट नव्हती. नेमके त्याच दिवसांत ते फरशा घेऊन हद्दीवरून येणार होते. फोनवर म्हणाले होते, “ओळखशील ना? दाढी पांढरी झालीय.”

“तुम्ही ओळखाल का? मला आता दाढी आलीय.”

आमचं काम आनंद मोजण्याचं होतं. गाडीतून येणाऱ्या माणसापुढे टॅबलेट धरायचा. त्यावर हसरा, गप्प आणि रडका असे तीन चेहरे. सीमेवरचा अनुभव कसा वाटला, ते त्याने दाबून सांगायचं. एका मल्याळी गृहस्थांनी हळूच विचारलं, “कौनसा दबाने से जल्दी छोड़ते हैं?” त्याचा याच्याशी संबंध नाही, असं मी सांगितलं. त्यांनी तरीही हसरा चेहरा दोनदा दाबला. जवळजवळ सगळ्यांनीच हसरा दाबला. ज्याचा पासपोर्ट खिडकीच्या आत असतो, तो माणूस फार आनंदी असतो. साहेब रात्रीच्या जेवणाला म्हणाले, “पीपल आर हॅपी.”

ट्रक तारेच्या कुंपणापलीकडे उभे राहत. अब्बांचा फोन लागत नव्हता. मी भीत भीत म्हणालो, “सर, ट्रकवाल्यांनाही विचारू या का?”

“ट्रकवाला व्हिजिटर नसतो.”

“मग काय असतो?”

“लॉजिस्टिक्स.”

शेवटच्या दिवशी मी खरं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, “आधी सांगायचंस ना. जा. टॅबलेट घेऊन जा, म्हणजे काम दिसेल.”

मी रांगेतल्या प्रत्येक केबिनखाली उभा राहून वर पाहत गेलो. पांढऱ्या दाढ्या पुष्कळ होत्या. साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर कालपासून तिथंच होते. टॅबलेट पाहून म्हणाले, “आण इकडं. आम्हांला कोण इचारतंय?” त्यांनी रडका चेहरा दाबला, मागच्यांनाही बोलावलं. सगळ्यांनी हसत हसत रडका दाबला. दम्मामचे ट्रेलर आले होते, पण अब्बांचा त्यांत नव्हता. ऊन उतरेपर्यंत मी तिथंच थांबलो.

परत आल्यावर साहेबांनी ते सगळे रडके चेहरे पुसून टाकले. “आउट ऑफ स्कोप,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग मला चहा दिला.

दोह्याच्या वाटेवर फोन वाजला. अब्बांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला होता.

“बाबू, बॅटरी उतरली होती. माझं कतारचं परमिट संपलंय म्हणे. शेठने हद्दीच्या अलीकडे, सौदीतल्या यार्डातच माल दुसऱ्या ट्रेलरवर चढवला. फरशा काल संध्याकाळीच कतारमध्ये गेल्या. मी दम्मामला पोचलो.”