मंगलला बांधलेला मोगरा

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही म्हणून जीभ वळतेय — बघू, कुठपर्यंत वळते ते.

पंचवीसेक वर्षं झाली. इंदिरानगरच्या आमच्या घरात तेव्हा दोन तान्ही बाळं होती. माझा मुलगा, लग्नानंतर सात वर्षांनी झालेला. आणि धाकट्या जावेची, मंगलची, दुसरी मुलगी. मला दूध येत नव्हतं. म्हणजे यायचं — चमचाभर. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले; फुगले तेवढी मीच. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाली. पण घरात थायरॉईड कुणाला कळतो? 'हिला दूधच नाही', एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

आणि मंगल! सिन्नरकडची, काडीसारखी, दीड भाकरी खाऊन उठणारी. हिचं दूध पदरातून गळायचं. दोरीवर वाळणाऱ्या तिच्या ब्लाउजांवरचे डाग बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. डागांचा हेवा — हसा, हसा!

माझा मुलगा रडला की तीच हात पुढे करायची. "द्या इकडं ताई, माझं लय हाय." तिच्याकडे दोन घोट घेतले की तो गप्प. माझ्याकडे आला की तोंड फिरवून किंचाळायचा. उपकार वाटायला हवे होते ना? मला तिचं तोंड बघवेना. पोर माझं, आणि वास हिचा ओळखतं?

त्या चैत्रात सासूबाई चार दिवस वणीला गेल्या, नातवाचा नवस फेडायला. नेमकी मंगलची छाती दुधानं दाटली, अंगात ताप भरला. काय करू, म्हणून तिनं मला विचारलं. मलाच.

माझं माहेर फुलमळ्याचं. मोगरा छातीला बांधला की दूध आटतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरींनाही ठाऊक. बाळ दगावलेल्या बाईला बांधतात तो. मंगलच्या माहेरी कांदा आणि बाजरी. तिच्या लेखी मोगरा म्हणजे गजरा. मी मळ्यातून टोपलीभर फुलं आणली, स्वतः ओवली. "थंड असतो गं, ठणका उतरेल," म्हटलं आणि बांधली. वर सांगितलं — तापात पाजू नकोस, आणि आईंना बोलू नकोस, त्यांना असले उपाय चालत नाहीत. ठणका उतरावा, एवढंच मनात होतं का? नाही. आटावं, साफ आटावं, असं होतं. तिनंही रडणारं पोर घेऊन डब्याच्या दुधापुढे उभं राहावं. चार दिवस रोज ताजी फुलं बांधली. ती म्हणायची, किती करता माझं.

आटलं. माझा मुलगा सवयीनं तिच्या पदराशी चाचपडायचा, काही मिळालं नाही की तिच्याकडेही किंचाळायचा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — उपाशी पोर माझंच होतं, तरी मला बरं वाटलं.

मग तिच्या मुलीला डब्याचं दूध बाधलं. जुलाब लागले, एवढ्याशा हाताला सलाईन लागलं. पोर वाचली. सासूबाई मात्र मंगलला बोलत राहिल्या, होतं ते दूधही हिला टिकवता आलं नाही म्हणून. मी तिथंच मेथी निवडत बसलेली. मंगलनं मोगऱ्याचं नाव काढलं नाही. मी सांगितलं होतं ना, बोलू नकोस!

त्या दुपारी ती माझ्या खोलीत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, तुमच्या बाळालाबी पुरले नाय मी. राग धरू नका."

मी म्हटलं, "असू दे गं."

तिला माफ केलं मी.